काठोकाठ

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत दादाच्या घरी मटणाचा बेत होता. सोप्यात पंगत बसली होती आणि स्वयंपाकघरातून ताटे, वाट्या, भाकरीची दुरडी अशी ये-जा चालू होती. साडेपाच वर्षांची भाची वहिनीच्या मागे लागली होती, ‘मी नेतो, मी नेतो की.’ (आमच्याकडे मुलीही ‘मी नेतो’, ‘मी आलो’ असेच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचे हसू येते आणि आम्हांला त्यांच्या हसण्याचे.) शेवटी वहिनीने निवलेल्या तांबड्या रश्श्याची एक वाटी तिच्या दोन्ही हातांत दिली आणि ती निघाली. मान खाली, नजर वाटीच्या काठावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून किंचित बाहेर आणि पावले एवढी-एवढीशी. मधला उंबरा तिने आधी उजवा पाय पलीकडे टेकवून आणि मग डावा त्याच्या शेजारी आणून, एखादी नदी ओलांडावी तसा ओलांडला. वाटीतला कट काठाशी थरथरत होता, पण बाहेर येत नव्हता. मी दाराशीच उभी होते. मला तिचे कौतुक वाटले, आणि कौतुक वाटले की मोठ्या माणसांना काहीतरी विचारावेसेच वाटते. म्हणून मी विचारले, ‘काय गं, तुझ्या बाकावर ती नवी मैत्रीण आलीय, तिचं नाव काय?’ ती थांबली, तिने मान वर केली, उत्तरासाठी तोंड उघडले, आणि वाटी कलली.

रस्सा फ्रॉकवर, पावलांवर आणि नुकत्याच धुतलेल्या बसकरावर पसरला. भाजण्याइतका तो गरम नव्हता एवढेच बरे झाले. पंगतीतून तीन-चार आवाज एकदमच उठले, ‘लक्ष कुठं असतंय गं तुझं?’ त्यांत एक आवाज माझाही होता. ती रडली नाही. फ्रॉकवरच्या तांबड्या डागाकडे आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘तूच विचारलीस की.’

त्या तीन शब्दांनी मला पुढचे आठ-दहा दिवस सोडले नाही. तिचे लक्ष कुठे होते हे तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ते सगळेच्या सगळे त्या वाटीत होते. ते तिथून मी उचलले, आणि मग तेच लक्ष कुठे आहे म्हणून तिलाच दरडावले. बसकराचा डाग लिंबू आणि साबण लावून निम्माअधिक गेला. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न बसून राहिला. चालणे आणि त्याचबरोबर दुसरे काही करणे हे माणसाला नेमके कधी जमायला लागते? आपल्याला ते इतके सवयीचे झालेले असते की त्यात दोन कामे आहेत हेसुद्धा आपण विसरलेलो असतो.

भाचीचा धाकटा भाऊ चौदा महिन्यांचा आहे, आणि त्यामुळे या प्रश्नाची सुरुवात घरातच पाहायला मिळाली. त्याने पहिली सुटी पावले टाकली त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले आणि ‘चालायला लागला’ असे सर्वांनी जाहीर करून टाकले. मी नीट पाहिले तेव्हा ते जाहीर करणे जरा घाईचे वाटले. त्या दिवसांत त्याचे दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर, कोपरांत दुमडून वर धरलेले असत. तारेवरून चालणारी मुलगी आडवा बांबू धरते तसा त्याने जणू अदृश्य बांबू धरला होता. म्हणजे चालायला त्याला पायांबरोबर हातही लागत होते. तीन-चार आठवड्यांत ते हात हळूहळू खाली आले, आणि खाली आले त्याच आठवड्यात घरातल्या वस्तू हिंडू लागल्या. लाटणे न्हाणीत सापडले, दादाची एक कोल्हापुरी चप्पल देवघरापाशी आणि दुसरी शेजारच्यांच्या पायरीवर. आजोबांनी माळ्यावरून काढून पुसून दिलेला जुना पांगुळगाडा तो धरून चालेल असे सगळ्यांना वाटले होते. त्याने तो आडवा पाडला आणि त्याचे एक चाक ओढत घरभर नेले.

मूल केव्हा चालायला लागते याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले आकडे पाहिले तर गंमत वाटते. भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या त्या पाहणीत आधाराशिवाय चालण्याचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. म्हणजे शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्यात, तर त्यावरून सासरी-माहेरी जो खल चालतो तो बहुतेक वेळा व्यर्थ असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी तर एक ते दीड वर्षाच्या मुलांची पावलेच मोजली. खेळताना ती मुले तासाला सरासरी २३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. हा आकडा वाचून मी भाच्याकडे जरा अधिक आदराने पाहू लागले. सतरा वेळा पडून अठराव्यांदा उठायचे, आणि तेही दर तासाला. अडॉल्फ यांच्याच गटाने तेरा महिन्यांच्या मुलांवर केलेल्या पाहणीतली एक गोष्ट मला सर्वांत आवडली. नुकतीच चालायला लागलेली मुले रिकाम्या हाताने जितकी पडतात, त्याहून हातात एखादी वस्तू असताना कमी पडतात. हातात काही असले की आपण कुठेतरी निघालो आहोत असे त्यांना वाटत असावे, असा माझा आपला अंदाज. शास्त्रज्ञांचे म्हणणे वेगळे असू शकेल. पण लाटणे घेऊन निघालेल्या भाच्याच्या चेहऱ्यावर तहसील कचेरीत फाईल घेऊन निघालेल्या शिपायाचे गांभीर्य असते, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते.

लाटणे कलले तरी सांडत नाही. वाटीची गोष्ट वेगळी.

पुढचे मी रंकाळ्यावर पाहिले. संध्याकाळी तांबट कमानीच्या बाजूला कठड्यावर बसले की समोरून कोल्हापूर चालत जाते, आणि त्यात कुल्फी घेतलेली मुले पुष्कळ असतात. कुल्फीला तिचे स्वतःचे घड्याळ असते. ती वितळायची थांबत नाही, त्यामुळे मुलाला चालणे आणि खाणे यांचा हिशेब मांडावाच लागतो. तीन वर्षांचे मूल तो साधा मांडते. ते थांबते, चाटते, मग कुल्फी विसरून चार पावले धावते, पुन्हा थांबते. आईने हात धरून ओढले तर कुल्फी जाते किंवा मूल बसकण मारते. पाच-सहा वर्षांचे मूल थांबत नाही, पण त्याची चाल बदलते. पावले आखूड होतात, पाय जरा फाकतात, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असण्याचा वेळ वाढतो, आणि आई-बाबा वीस पावले पुढे जाऊन वळून हाका मारू लागतात. आठ-नऊ वर्षांचे मूल चालीत फारसा फरक न करता खाते, फक्त समोरून सायकल आली की त्याला एकदम दोन्हींतले एक सोडावे लागते. आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा उलटा चालत, मित्राला काल शाहू स्टेडियमवर झालेल्या सामन्यातला गोल हातवारे करून दाखवत, कुल्फीची शेवटची काडी चाटत जातो आणि कुणालाही धडकत नाही. त्या मुलाकडे पाहताना, याच पोराने कधीकाळी एक वाटी नेताना उंबऱ्यावर श्वास रोखला असेल, हे पटत नाही.

मोठ्यांना फसवणारी गोष्ट अशी की चाल दिसायला फार लवकर पक्की होते. १९८० साली अमेरिकेतल्या डेव्हिड सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते सात वर्षांच्या १८६ मुलांच्या चालीचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात तीन वर्षांच्या मुलाच्या चालीत मोठ्या माणसाच्या चालीची बहुतेक लक्षणे आलेली दिसली. म्हणून आपण तीन वर्षांच्या मुलाला ‘आता चालता येतंय की’ म्हणून मोकळे होतो. पुढे १९९९ साली तीन ते चौदा वर्षांच्या पन्नास मुलांची पावले आणखी बारकाईने तपासली गेली, तेव्हा दिसले की सात वर्षांच्या मुलाचासुद्धा एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंतचा वेळ मोठ्यांइतका एकसारखा पडत नाही. डोळ्यांना न दिसणारी ती डगमग आत चालूच असते, आणि ती सावरायला मुलाचे थोडे लक्ष सारखे खर्च होत असते. आमच्या जुन्या घरातली चूल आठवते. चुलीवर भाजी रटरटत असताना शेजारच्या वैलावर, चुलीच्या उरलेल्या धगीवर, दूध आपोआप तापत असे. त्याच्याकडे कुणी बघत नसे. मोठ्या माणसाचे चालणे असे वैलावर गेलेले असते. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ते परस्पर सांभाळतात, आणि कपाळामागचा मेंदू बोलायला, मोजायला, वाटीकडे बघायला मोकळा राहतो. मुलाचे चालणे अजून चुलीवरच असते. त्यात भर अशी की कपाळामागचा तो भाग स्वतःही लवकर तयार होत नाही; त्याची घडण पार विशीच्या पुढेपर्यंत चालते. लहान चूल, आणि तिच्यावर दोन भांडी. त्यातच मी तिसरे ठेवले होते.

हे सगळे वाचताना शाळेच्या स्नेहसंमेलनातली लिंबू-चमच्याची शर्यत आठवत राहिली. जगातल्या शास्त्रज्ञांनी नंतर प्रयोगशाळांत जे केले ते आमच्या खेळाच्या बाईंनी चुन्याच्या दोन रेघा मारून मैदानावर केलेले होते. तैवानमधल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना एकदा रिकामा ट्रे आणि एकदा गोट्या ठेवलेला ट्रे घेऊन चालायला लावले. कधी चालता चालता आकडे सरळ म्हणायला सांगितले, कधी उलटे. गोट्यांच्या ट्रेने पावले आखडली. ज्या मुलांच्या हालचालींचा मेळ मुळातच नीट बसत नाही, त्यांच्या बाबतीत हा परिणाम जास्त दिसला. असा मेळ न बसणे हा बुद्धीचा किंवा वळणाचा दोष नसतो. वैद्यकात त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि शाळेत जाणाऱ्या मुलांत ते शंभरात पाच-सहा जणांच्या वाट्याला येते. म्हणजे साठ मुलांच्या आमच्या वर्गात तीन तरी असणार. त्यांतला एक मला स्पष्ट आठवतो. शर्यतीत त्याचे लिंबू शिट्टी वाजण्याआधीच पडत असे. डब्याचे झाकण, कंपासपेटी, प्रार्थनेच्या वेळी दिलेली घंटा, सगळे त्याच्या हातून पडे. वर्ग त्याला ‘सांडू’ म्हणत असे, आणि मीही म्हणत असे. तो हसायचा. ते हसणे त्याला किती जड जात असेल हे मला चाळीस वर्षांनी, एका वाटीभर रश्श्यामुळे कळावे, याची लाज वाटते.

माझी स्वतःची परीक्षा दुधाच्या किटलीची होती. मी सात वर्षांची असताना आजीबरोबर गंगावेशीला दूध आणायला जात असे. म्हशी तिथेच बांधलेल्या असत आणि समोर धार काढून देत. फेसाळ, कोमट दुधाची किटली हातात आली की तिची ऊब मांडीला लागे आणि चालीबरोबर आतून डुचमळल्याचा आवाज येई. आठ-पंधरा दिवसांनी आजीने मला एकटीला पाठवले तेव्हा एकच बजावले होते, ‘वाटंत कुणाशी बोलायचं न्हाई.’ मला तेव्हा वाटले की हे अनोळखी माणसांसाठी आहे. वाटेवर अनोळखी माणूस भेटला असता तर आश्चर्य होते. त्या गल्लीत प्रत्येक पायरीवरचा माणूस मला नावाने ओळखत होता आणि ‘आलीस का गं दूध घेऊन?’ हे विचारायला टपलेला होता. आजीला दुधाची काळजी होती की माझी, हे मी तिला कधी विचारले नाही. आता वाटते की तिला दोन्हींचे बरोबर ठाऊक होते. मी ओठ घट्ट मिटून, मानेने फक्त होकार देत, घरी यायची. लोकांना वाटायचे, पोरगी मानी आहे.

गंमत म्हणजे पाढे मात्र मी चालतानाच पाठ केले. वडील शाळेपर्यंत सोडायला येत आणि खासबागेच्या भिंतीपासून एकोणीसचा पाढा सुरू होई. घरी बसून जो पाढा एकोणीस सत्ते पाशी अडकायचा तो रस्त्यावर सरळ जायचा. बर्लिनमधल्या संशोधकांना २०१० साली असेच काही दिसले होते. नऊ वर्षांची मुले चालत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) आपापल्या गतीने चालत असताना लक्षात ठेवण्याचे काम बसून केल्यापेक्षा चांगले करत होती. तेव्हा दोन कामे एकत्र आली की एक बिघडतेच असेही नाही. गती स्वतःची असावी लागते, हे त्यातले मला महत्त्वाचे वाटले. वडील माझ्या पावलाने चालत होते. मला त्यांच्या पावलाने चालावे लागले असते तर एकोणीसचा पाढा कदाचित आजही आला नसता.

आपली भाषाच खरे तर दोन कामे गृहीत धरून चालते. ‘जाता जाता एवढी पिशवी टाकून ये’, ‘येता येता कोथिंबीर आण’, ‘हातासरशी तेवढे ताट उचल’. ‘जाता जाता’ म्हटले की ते काम जणू कामच राहत नाही, जाण्याला चिकटलेली शेपटी होते. घरातल्या बायकांची निम्मी कामे या ‘जाता जाता’मध्येच गडप झालेली असतात आणि कुणी ती मोजत नाही. लहान मुलांना हे शब्दप्रयोग आधी समजत नाहीत असे मी पाहिले आहे. भाचीला ‘जाता जाता दार लाव’ म्हटले की ती आधी बाहेर जाते, थांबते, परत वळते आणि मग अगदी समारंभपूर्वक दार लावते. तिच्या जगात अजून प्रत्येक क्रियापद एकेकटे आहे.

आणि ते पुन्हा एकेकटे होते, हे मी आजीच्या शेवटच्या वर्षांत पाहिले. शुक्रवारी तिला अंबाबाईला घेऊन जायची मी. तिचा अकरा प्रदक्षिणांचा नेम होता. पूर्वी ती तोंडाने स्तोत्र म्हणत, आकडा मनात ठेवत, ओळखीच्या बाईला हाताने नमस्कार करत चालत असे. नंतर तिने पदराच्या गाठीत शेंगदाणे बांधून आणायला सुरुवात केली. दर फेरीला एक दाणा डाव्या मुठीत जाई. मला ती भाबडी सवय वाटली. खरे म्हणजे तिने डोक्यातले एक भांडे उतरवून पदरात ठेवले होते. त्याच सुमारास महाद्वार रोडवरून परतताना ती बोलायला थांबू लागली. काही सांगायचे आठवले की भर गर्दीत, मागून रिक्षा हॉर्न वाजवत असताना, ती उभी राही, वाक्य पुरे करी आणि मगच पाऊल उचली. मला फार त्रास व्हायचा. ‘आजी, चालता चालता सांग की,’ मी तिचा दंड धरून म्हणायची. तिच्या वयाच्या बाईने आपणहून शोधून काढलेली सावधगिरी मी तिला मोडायला सांगत होते. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक छोटासा अभ्यास छापला होता. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांशी चालता चालता गप्पा मारायच्या आणि कोण बोलण्यासाठी थांबते ते पाहायचे, इतके साधे. बारा जण थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले दहा जण पडले. हा लेख मी वाचला तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. तीही परसात पडली होती. त्या वेळी तिला कुणी हाक मारली होती का, हे आता कुणालाच आठवत नाही, आणि मीही पुन्हा विचारत नाही.

परवाच्या रविवारी पुन्हा दादाकडे जेवायला गेले. या वेळी पांढरा रस्सा होता. भाचीने वहिनीच्या हातातून वाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि ती निघाली. तीच खाली घातलेली मान, तीच बाहेर आलेली जीभ. मी दारातून बाजूला सरकले. पंगतीत काका नेहमीच्या खड्या आवाजात ‘वाघ आला वाघ!’ म्हणणार होते. मी डोळे वटारले तसे ते पापड मोडू लागले. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली. उजवा पाय, मग डावा. काठावरचा रस्सा एका बाजूला झुकला, परत आला. कुणी काही बोलले नाही. बाहेरून फक्त कुकरवाल्याची आरोळी येत होती. तिने वाटी आजोबांच्या ताटाशेजारी ठेवली, दोन्ही हात फ्रॉकला पुसले, लांब श्वास सोडला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘हं, आता विचार.’